अणूचा तारा

ऑक्टोबर २००९ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ नावाचा एक इंग्रजी ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. हाँगकाँगच्या इमाजी या संस्थेने तो संगणकावर घडवला होता, दिग्दर्शक डेव्हिड बोवर्स हे इंग्रज गृहस्थ होते आणि निकोलस केज, बिल नाय, डोनाल्ड सदरलँड अशा नामवंत नटांनी पात्रांना आवाज दिले होते. सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चून केलेला हा चित्रपट तेवढे पैसेही परत मिळवू शकला नाही. चीनमध्ये तो बरा चालला, अमेरिकेत जेमतेम, आणि ज्या देशातून त्याची कथा आली त्या जपानमध्ये प्रेक्षकांनी त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. चार महिन्यांत, फेब्रुवारी २०१० मध्ये, इमाजीला आपला हाँगकाँगचा स्टुडिओ बंद करावा लागला. चित्रपटांच्या व्यापाराच्या इतिहासात याची नोंद एका ओळीत आटोपेल.

आमच्या दृष्टीने मात्र हा फसलेला चित्रपट अभ्यासण्याजोगा आहे. एखादी कलाकृती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात आणि एका काळातून दुसऱ्या काळात जाताना नेमके काय घडते, हे यशस्वी रूपांतरापेक्षा अयशस्वी रूपांतरात अधिक स्वच्छ दिसते. यशस्वी रूपांतर आपले सांधे लपवते. ‘ॲस्ट्रो बॉय’चे सांधे उघडे आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठा सांधा त्याच्या नावातच आहे.

रूपांतर हा विषय मराठी अभ्यासकांना नवा नाही. १८९० साली देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले तेव्हा व्हेनिसचा काळा सेनापती मराठी सरदार झाला. नाव बदलताच वंशभेदाचा जो ताण मूळ नाटकाच्या गाभ्याशी होता तो कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न आपण वर्गात कितीतरी वेळा चर्चिला आहे. नाव बदलणे ही रूपांतरातील सर्वांत निरुपद्रवी वाटणारी गोष्ट. परंतु अनेकदा तेथूनच मूळ आशयाला गळती लागते. ज्या जपानी यंत्रबालकाची कथा आम्ही येथे पाहणार आहोत, त्याच्या बाबतीत हेच घडले. फक्त त्या गळतीचा परिणाम दिसायला सेहेचाळीस वर्षे लागली.

ओसामू तेझुका यांचा जन्म १९२८ सालचा. बालपण ताकाराझुका या गावी गेले, पुढे ओसाका विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पदवी मिळूनही आयुष्यभर चित्रकथाच काढल्या. (भारतीय वाचकांस ते मुख्यतः ‘बुद्ध’ या प्रदीर्घ चित्रकादंबरीमुळे ठाऊक असतील.) युद्धाच्या शेवटच्या वर्षी शाळकरी तेझुकांना शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात राबवले जात होते आणि जून १९४५ मधील ओसाकावरचा बॉम्बवर्षाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. युद्ध संपल्यानंतरचा एक प्रसंगही ते सांगत असत. रस्त्यात काही अमेरिकी सैनिकांनी त्यांना काहीतरी विचारले, ते यांना समजले नाही, आणि केवळ तेवढ्यावरून त्यांना मार खावा लागला. भाषा न कळण्याची शिक्षा म्हणून खाल्लेला तो मार त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा डोकावतो. परस्परांना न समजणारे दोन समाज आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला, दोघांचाही नसलेला कुणी एक, ही त्यांची आवडती रचना आहे.

त्या रचनेतूनच ॲटमचा जन्म झाला. कोबुन्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात एप्रिल १९५१ पासून वर्षभर ‘ॲटम राजदूत’ अशा अर्थाच्या नावाची एक चित्रमालिका चालली. पृथ्वीवरील माणसांसारखीच हुबेहूब माणसे दुसऱ्या ग्रहावरून येतात, अन्नाची टंचाई होते, वैर पेटते. आणि दोन्ही बाजूंमध्ये बोलणी करण्यासाठी ॲटम या यंत्रमानवाची निवड होते, कारण तो दोहोंपैकी कुणाचाच नाही. म्हणजे आज ज्याला आपण उडणारा, ठोसे मारणारा वीरबालक समजतो तो मुळात मध्यस्थ होता. त्याच्या सात शक्तींपैकी एक साठ भाषा बोलता येणे ही आहे, हे त्याच्या लाख अश्वशक्तीपेक्षा आम्हांस अधिक लक्षणीय वाटते. मार खाल्लेल्या मुलाने निर्माण केलेला हा दुभाषा आहे.

पुढल्याच वर्षी, एप्रिल १९५२ च्या अंकापासून, तोच ॲटम दुय्यम पात्राचा नायक झाला आणि मालिकेचे नाव ‘तेत्सुवान ॲटम’, म्हणजे पोलादी बाहूंचा ॲटम, असे पडले. याच महिन्याच्या २८ तारखेला जपानवरील अमेरिकी लष्करी ताबा औपचारिकपणे संपला. हा योगायोगच, पण तो ध्यानात ठेवावा असा आहे. ताब्याच्या पहिल्या चार वर्षांत वृत्तपत्रांवर आणि पुस्तकांवर कडक तपासणी होती आणि हिरोशिमा-नागासाकीविषयी मोकळेपणाने लिहिणे अवघड होते. अणुबॉम्बने जळालेल्या माणसांची छायाचित्रे बहुसंख्य जपानी वाचकांनी प्रथम पाहिली ती ‘असाही ग्राफ’ या साप्ताहिकाच्या ६ ऑगस्ट १९५२ च्या अंकात. ज्या वर्षी देशाने आपल्या जखमेचे चित्र पाहिले, त्याच वर्षी त्या देशातील मुले अणूवर चालणाऱ्या एका सालस मुलाची चित्रे पाहू लागली होती. आणि त्या मुलाचे नावच ‘अणू’ होते. आपल्याकडे याचा अर्थ पोचण्यासाठी ते नाव क्षणभर मराठीत वाचून पाहावे.

कुटुंबही त्याच गोत्राचे. धाकट्या बहिणीचे नाव उरान, म्हणजे युरेनियम, भावाचे कोबाल्ट. अणुभट्टीच्या परिसरातून आलेली ही बारशाची नावे पाहून आज अंगावर काटा येतो. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटाजवळ अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, त्याच वर्षी ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. आणि त्याच वर्षी, त्याच मार्च महिन्यात, जपानी संसदेत अणुसंशोधनासाठीची पहिली तरतूदही मांडली गेली. भय आणि आशा एकाच अंगणात नांदत होती. गॉडझिलाने भय घेतले, ॲटमने आशा घेतली, अशी सोपी वाटणी समीक्षेत अनेकदा केली जाते. ती आम्हांस पटत नाही. ॲटमच्या कथा सलग वाचल्या तर त्यांतील आशा फार काळवंडलेली आहे. त्यांतले यंत्रमानव गुलामासारखे वागवले जातात, मोडले जातात, जाळले जातात; ॲटम जिंकतो तेव्हाही बहुधा त्याच्यासमोर आपल्याच जातीच्या एका मोडक्या यंत्राचे कलेवर पडलेले असते. आपल्याला विज्ञानाचा भाट समजले गेले याची खंत तेझुकांनी उत्तरायुष्यात लिहून ठेवली आहे, आणि ती रास्त होती.

या कथेचे मूळ बीज अणूत नाही, एका बापाच्या शोकात आहे. विज्ञान मंत्रालयाचे प्रमुख डॉक्टर तेन्मा यांचा मुलगा तोबिओ वाहन-अपघातात मरतो. बाप वेडापिसा होऊन त्याच्याच चेहऱ्याचा यंत्रमानव घडवतो, काही दिवस सुखात राहतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की हा मुलगा वाढत नाही. उंची तीच, चेहरा तोच. शोकाचे रूपांतर संतापात होते आणि तेन्मा त्याला सर्कशीला विकून टाकतो. पुढे प्राध्यापक ओचानोमिझु त्याला तेथून सोडवतात. तेझुका डिस्नेचे भक्त होते आणि ‘पिनोकिओ’ची चित्रकथाही त्यांनी काढली होती, परंतु येथे त्यांनी पिनोकिओ उलटा केला आहे. लाकडाच्या पोराला खरा मुलगा व्हायचे असते आणि सद्वर्तनाच्या बळावर तो होतो. ॲटमला हा मार्गच बंद आहे. कितीही चांगले वागले तरी तो एक इंचही वाढणार नाही. तेझुकांच्या कथाविश्वातील यंत्रमानवांच्या कायद्यात एक कलम असे आहे की यंत्रमानवाने आपल्या निर्मात्यास पिता म्हणावे. असिमॉव्हच्या १९४२ च्या सुप्रसिद्ध तीन नियमांत असे काही नाही. ते नियम अभियंत्याने लिहिल्यासारखे आहेत. तेझुकांचे कलम कुटुंबवत्सल समाजातून आले आहे आणि म्हणूनच अधिक क्रूर आहे, कारण मुलाने पिता म्हणावे असा कायदा आहे, पित्याने मुलगा म्हणावे असा नाही.

१ जानेवारी १९६३ रोजी ‘तेत्सुवान ॲटम’ फुजी टेलिव्हिजनवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, एकूण १९३ भाग, अखेर १९६६ च्या वर्षअखेरीस. तेझुकांनी त्यासाठी मुशी प्रॉडक्शन ही स्वतःची संस्था काढली होती. पूर्ण ॲनिमेशनला सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. येथे एक चित्र तीन चौकटींपर्यंत ताणून आठांवर भागवले जाई, बोलताना फक्त ओठ हलत, उडण्याची तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा वापरली जात. हे दारिद्र्यातून आलेले व्याकरण होते आणि पुढे तेच जपानी ॲनिमेची शैली म्हणून जगभर ओळखले गेले. तेझुकांनी हे भाग वाहिनीला खर्चापेक्षाही कमी किमतीत दिले. १९८९ मध्ये ते निवर्तले तेव्हा सर्वत्र स्तुतिपर लेख येत असताना हायाओ मियाझाकी यांनी मात्र ही स्वस्ताई साऱ्या व्यवसायाला भोवली असे परखडपणे लिहिले. मृत्युलेखात असे लिहायला धाडस लागते. मुशी प्रॉडक्शन स्वतः १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. ॲटम ज्यांनी ज्यांनी घडवला त्यांना तो आर्थिकदृष्ट्या फारसा लाभला नाही, ही परंपरा इमाजीपर्यंत अखंड दिसते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक तपशील येथे द्यायला हवा. या मालिकेचे शीर्षकगीत शुन्तारो तानिकावा यांनी लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानी कवींत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. सुरुवातीच्या भागांत ती केवळ शब्दांविना धून होती. अमेरिकी आवृत्तीसाठी त्या धूनेवर इंग्रजी शब्द बसवले गेले आणि त्यानंतर जपानीतही शब्द हवेत असे ठरले. म्हणजे अनुवाद आधी आणि मूळ नंतर, असा हा उलटा प्रवास. मूळ आणि रूपांतर यांत ज्येष्ठ-कनिष्ठ ठरवण्याची घाई करणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

आता अमेरिका. एनबीसीशी संलग्न कंपनीने मालिकेचे हक्क घेतले आणि फ्रेड लॅड यांच्याकडे इंग्रजी आवृत्तीचे काम आले. सप्टेंबर १९६३ पासून ती अमेरिकेत दिसू लागली. एकूण १०४ भाग इंग्रजीत गेले. काही भाग तेथील बालप्रेक्षकांना अयोग्य म्हणून नाकारण्यात आले. त्यांतला एक ख्रिस्ताच्या मूर्तीच्या डोळ्याशी संबंधित होता. परंतु आमचा विषय नावांचा आहे. तेझुका स्वतः परदेशासाठी ‘माइटी ॲटम’ हे नाव वापरत. ॲटम नावाचा एक नायक अमेरिकी कॉमिक्समध्ये १९४० पासूनच होता, त्यामुळे ते नाव अडचणीचे ठरले असे कारण दिले जाते. कारण शुद्ध व्यापारी. ॲटमचा ‘ॲस्ट्रो बॉय’ झाला. त्या नावाला आधार म्हणून मेलेल्या मुलाचे नाव ॲस्टर ठेवले गेले आणि तेन्माचे डॉक्टर बॉइन्टन झाले. भल्यामोठ्या नाकाच्या ओचानोमिझुंना, तोकियोतील एका वस्तीचे नाव धारण करणाऱ्या त्या प्राध्यापकांना, हत्तीची आठवण करून देणारे ‘एलिफन’ हे नाव मिळाले. उरान झाली ‘ॲस्ट्रो गर्ल’. कोबाल्ट झाला ‘जेटो’.

या यादीत एक गोष्ट उघड आहे. युरेनियम गेले, कोबाल्ट गेले, अणू गेला. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्या देशातल्या मुलांपर्यंत पोचताना त्या कुटुंबाचे आडनावच पुसले गेले. कुणी दुष्टपणे बसून हे केले असे आम्ही म्हणत नाही. लॅड यांना तोंडाच्या हालचालींत बसणारी आणि अमेरिकी कानांना सोपी अशी नावे हवी होती, आणि त्यांच्याइतक्या आस्थेने त्या काळी जपानी मालिकेचे काम क्वचितच कुणी केले असेल. पण परिणाम तो परिणाम. क्यूबाच्या क्षेपणास्त्र-संकटाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

‘ॲस्ट्रो’ म्हणजे ग्रीक मुळानुसार तारा. १९६३ मध्ये त्या शब्दाला अवकाशयुगाच्या झगमगाटापलीकडे काही अर्थ नव्हता. अंतराळवीरासाठी इंग्रजीत जो शब्द रूढ होत होता त्याचा तो पूर्वार्ध होता, इतकेच. २००९ च्या चित्रपटात मात्र या नावाने स्वतःचे भौतिकशास्त्र निर्माण केले आहे.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. मेट्रो सिटी हे संपन्न नगर पृथ्वी सोडून हवेत तरंगते आहे. खाली उरला आहे तो नगराने फेकलेल्या यंत्रांचा उकिरडा आणि तेथे राहणारी माणसे. डॉक्टर एलिफन यांना एका दूरच्या ताऱ्याच्या तुकड्यापासून ऊर्जा मिळाली आहे. तिचे दोन भाग झाले आहेत: निळा गाभा, शुभ ऊर्जेचा, आणि लाल गाभा, अशुभ ऊर्जेचा. निवडणुकीत पडण्याच्या भीतीने युद्धाला उतावीळ झालेला राष्ट्राध्यक्ष स्टोन लाल गाभा एका युद्धयंत्रात बसवायला लावतो. ते यंत्र पिसाळते आणि तेन्माचा मुलगा टोबी त्यात नष्ट होतो. मागे राहते ती फक्त टोपी. टोपीतल्या केसावरून आणि साठवलेल्या स्मृतींवरून तेन्मा नवा मुलगा घडवतो आणि त्याच्या छातीत निळा गाभा ठेवतो.

तेन्मा हे नाव चित्रपटाने परत आणले आणि तोबिओला टोबी करून अर्धवट का होईना घरी आणले, हे मान्य केले पाहिजे. एलिफन मात्र एलिफनच राहिले. आणि ॲटम? त्याची आठवणही कुठे नाही. अणूच्या जागी तारा आला आहे. व्यापारी अडचणीपोटी सेहेचाळीस वर्षांपूर्वी बदललेल्या नावातून कथेचा इंधनस्रोतच नव्याने घडला आहे. दिग्दर्शकाने शब्दकोश उघडून हे केले असेल असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यापर्यंत आलेले पात्रच ‘ताऱ्याचा मुलगा’ होते, त्यामुळे छातीत तारा असणे त्याला स्वाभाविक वाटले असावे. रूपांतराचे रूपांतर होते तेव्हा पहिल्या रूपांतरातील अपघात दुसऱ्यात आशय होऊन बसतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

मौज अशी की विज्ञानाच्या बाजूने पाहता अणू पुरता गेलेलाच नाही. तारा पेटतो तो अणुगर्भांच्या मीलनानेच. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने आत आला आहे. पण चित्रपटाला त्याची गंधवार्ता नाही, आणि निळी शुभ ऊर्जा व लाल अशुभ ऊर्जा ही वाटणी कोणत्याही भौतिकशास्त्रात बसत नाही.

आमचा मुख्य आक्षेप या वाटणीला आहे, आणि तो वैज्ञानिक अचूकतेच्या नावाने नाही. बालचित्रपटाकडून ती अपेक्षा कुणी करू नये. आक्षेप असा की मूळ कथेचे सारे नैतिक वजन ऊर्जा एकच असण्यावर उभे होते. हिरोशिमा जाळणारी शक्ती आणि ॲटमच्या छातीत धडधडणारी शक्ती एकच. ती चांगली नाही, वाईट नाही. ती कुणाच्या हातात आहे आणि त्या हातामागे काय आहे एवढाच प्रश्न. म्हणून ॲटमचे सालसपण हे दर क्षणी केलेले कृत्य ठरते. त्याच्या शरीराचा तो गुणधर्म नाही. चित्रपटातील ॲस्ट्रो चांगला आहे कारण त्याच्यात निळा गाभा आहे. युद्धयंत्र दुष्ट आहे कारण त्याच्यात लाल गाभा आहे. निवड उरतच नाही. स्टोनसारख्या युद्धखोर नेत्यावर टीका करण्याची चित्रपटाची इच्छा प्रामाणिक आहे, आणि बुश-काळातील अमेरिकेकडे रोखलेले बाण प्रौढ प्रेक्षकाला कळतातही. परंतु दोष लाल रंगाच्या एका गोळ्यावर लोटला की नेत्याचा दोष हलका होतो. पुढे स्टोनला ते यंत्रच आपल्यात ओढून घेते, आणि माणसाने काय केले हा प्रश्न यंत्राच्या पोटात जातो.

टोबीच्या मृत्यूचेही तेच. मूळ कथेतला वाहन-अपघात आज क्षुल्लक वाटेल, पण साठच्या दशकातल्या जपानमध्ये रस्त्यांवरील मृत्यूंना ‘वाहतूक-युद्ध’ असे नावच पडले होते. १९७० साली तो आकडा १६,७६५ वर जाऊन पोचला. घरोघरी मोटार येत होती आणि त्याच मोटारीखाली मुले मरत होती. समृद्धीची किंमत म्हणून गेलेला मुलगा, ज्याच्या मृत्यूला कुणी खलनायक नाही, अशा मुलाचा बाप आपला राग कुणावर काढणार? तो यंत्रावर काढतो. चित्रपटात मृत्यूला खलनायक मिळतो. कथानक बांधेसूद होते, बाप मात्र उथळ होतो. सर्कशीला विकणेही गेले. चित्रपटातला तेन्मा मुलाला एवढेच सांगतो की तू मला नकोस, आणि मुलगा निघून जातो. विकणे आणि नाकारणे यांतला फरक फार मोठा आहे. विकणाऱ्या बापाला शेवटी क्षमा करणे कुठल्याही पटकथाकाराला जड गेले असते. नाकारणाऱ्याला मिठी मारता येते, आणि शेवटी ती मारली जाते.

हे सर्व म्हटल्यावर, चित्रपटाने स्वतःच्या बळावर जे कमावले तेही सांगितले पाहिजे. खालच्या उकिरड्याची कल्पना चांगली आहे. फेकून दिलेल्या यंत्रांचे डोंगर आणि त्यांवर जगणारी अनाथ मुले पाहताना तेझुकांच्या कथांतील मोडलेल्या यंत्रमानवांची आठवण होते. येथे रूपांतरकारांनी शब्द सोडून भाव पकडला आहे. सर्कस गेली तरी हॅमएगच्या आखाड्यातल्या यंत्रझुंजी आहेत. माणूस म्हणून वावरणारा ॲस्ट्रो उघडा पडतो तेव्हा आतापर्यंत प्रेमाने वागणारा हॅमएग क्षणात व्यापारी होतो, हा प्रसंग अस्सल आहे. आणि झॉग नावाचा जुनाट, महाकाय यंत्रमानव. तो यंत्रमानवांचे नियम लागू होण्यापूर्वी घडवला गेला, म्हणून ते त्याला बांधत नाहीत. नियम नसतानाही तो संयमाने वागतो. साऱ्या चित्रपटात निवड करणारे पात्र हेच एक, आणि निळ्या गाभ्यातल्या उधार ऊर्जेवर चालत असूनही तो त्या गाभ्याचा सेवक वाटत नाही. चित्रपटकर्त्यांच्या हातून त्यांच्याच वाटणीला पडलेले हे सुंदर छिद्र आहे.

शेवटाविषयी. १९६६ च्या अखेरच्या भागात पृथ्वीला वाचवण्यासाठी ॲटम एक उपकरण घेऊन थेट सूर्याकडे झेपावतो. तेथे मालिका संपते. त्याला परत आणले जात नाही. चार वर्षे दर आठवड्याला त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलांना त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी हे पाहावे लागले. २००९ चा ॲस्ट्रोही स्वतःला युद्धयंत्रावर झोकून देतो, निळा आणि लाल गाभा एकमेकांवर आदळतात, तो विझतो. आणि काही मिनिटांत झॉग आपल्याला मिळालेली ऊर्जा त्याला परत करतो. तो उठतो, सगळे हसतात, आकाशातून नवा शत्रू येतो आणि पुढील भागाची सोय होते. तो पुढील भाग कधी निघाला नाही.

याच सुमारास ॲटमचे दुसरे एक रूपांतर वेगळ्या वाटेने चालले होते. १९६४-६५ मधील ‘पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य यंत्रमानव’ ही तेझुकांची कथा घेऊन नाओकी उरासावा यांनी २००३ पासून २००९ पर्यंत ‘प्लूटो’ ही चित्रकादंबरी लिहिली. त्यांनी जवळजवळ सारेच बदलले. नायक ॲटम राहिला नाही, जर्मन यंत्रमानव-गुप्तहेर गेझिख्त झाला. बालकथेची प्रौढ गुन्हेकथा झाली. मध्य आशियातील एका राज्यावर लादलेल्या युद्धाच्या मागे इराकचे युद्ध उघड दिसते. सर्वांत बलवान यंत्र कोणते या मूळ प्रश्नाच्या जागी द्वेष कुठून येतो आणि कुठे जातो हा प्रश्न आला. निळ्या-लाल गाभ्यांची येथे गरज पडत नाही. द्वेष शिकलेला यंत्रमानव आणि द्वेष नाकारणारा यंत्रमानव एकाच द्रव्याचे आहेत. चेहरेही बदलले: उरासावांचा ॲटम पावसात उभा असलेला, कुठल्याही शाळेत दिसेल असा साधा मुलगा आहे, टोकदार केसांची ती सुप्रसिद्ध रेखाकृती नाही. २०२३ मध्ये या कादंबरीवरून नेटफ्लिक्सवर आठ भागांची ॲनिमेशन-मालिका आली.

‘प्लूटो’चा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत २००९ मध्येच प्रसिद्ध होऊ लागला. त्या वर्षी तेथल्या चित्रपटगृहात हा मुलगा ॲस्ट्रो होता, आणि पुस्तकांच्या दुकानात, साऱ्या अमेरिकी वाचकांसमोर, त्याचे नाव ॲटम असे छापलेले होते. त्याच्या बहिणीचेही: उरान.